उजवीकडचा लाल ठिपका

ऑफिसात माझ्या टीममधली मंडळी मला मागून ‘परत-एकदा मॅडम’ म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. आमचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. एखादी चाचणी पास झाली की ती हिरवी खूण करतात आणि डबा उघडायला निघतात. तेवढ्यात मी पलीकडून म्हणते, परत एकदा चालवून बघा. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी कित्येक वर्षं बघते आहे. त्यांचं काही चुकत नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर कंपनीच्या बसमध्ये दीड तास अवघडून आलेल्या माणसाला तेच काम दोनदा करायला सांगणं हा छळच आहे. मलाही कंटाळा येतो. पण आयुष्यात एकदा मी परत एकदा बघायचा कंटाळा केला होता. ती हकिकत मी ऑफिसात काय, घरीही कधी सांगितलेली नाही.

तेव्हा मी पीएचडी करत होते. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून पुण्याला आले होते, बिबवेवाडीत तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होते आणि रोज दोन बस बदलून कॉलेजला जात होते. कॉलेजच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. मधोमध माणसाच्या छातीएवढ्या उंचीचं विद्युतचुंबक, त्याला थंड ठेवायला पाण्याचा पंप, भिंतीला लागून मीटरांची रांग. वर एक पंखा होता, पण माप घेताना तो बंद ठेवायचा असा सरांचा दंडक होता. उन्हाळ्यात त्या खोलीत आम्ही तिघं असायचो: मी, माझे सर आणि वर्कशॉपचे काका.

सर निवृत्तीला आले होते. बारीक अंगाचे, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि कुणालाही, अगदी शिपायालाही, ‘आपण’ म्हणायची सवय. त्यांचं ‘आपण’ ऐकलं की पाठ आपोआप ताठ व्हायची, कारण पुढे काय येईल याचा नेम नसे. मी पहिल्यांदा काढलेला आलेख त्यांना दाखवला तेव्हा ते म्हणाले होते, “छान आहे. आपण चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या का?”

काका मूळचे वारज्याचे. वारजं अजून गाव होतं तेव्हापासूनचे. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण हातात अशी कला की बिघडलेला पंप त्यांच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं सुरू होतो असं आम्ही म्हणायचो. त्या चुंबकाची वेटोळी त्यांनीच गुंडाळलेली होती. सरांचं आणि त्यांचं वर्षानुवर्षांचं जमलेलं होतं. दोघं दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसत.

प्रयोग काय होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तारेतून वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन वाहतात आणि आपला विद्युतभार घेऊन जातात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःची एक फिरकीही असते. काही एका बाजूनं फिरकी घेतलेले, काही उलट्या. इंग्रजीत त्याला स्पिन म्हणतात, सर मात्र मराठीत बोलताना फिरकीच म्हणायचे. आता असं करता येतं, की एका फिरकीचे जेवढे पुढे जातील तेवढेच उलट्या फिरकीचे मागे येतील. विद्युतभाराचा हिशेब केला तर काहीच वाहिलं नाही, मीटर शून्य दाखवणार. पण फिरकी मात्र वाहिली. ही नुसती फिरकी वाहणारी धार पकडायची कशी आणि तिची पुन्हा साधी, मीटरला कळणारी वीज करायची कशी, हा आमचा विषय.

त्यासाठी काचेच्या छोट्या पट्टीवर दोन थर द्यायचे. खाली निकेल आणि लोखंडाचा, वर प्लॅटिनमचा. दोन्ही मिळून डोळ्याला न दिसणाऱ्या धुळीच्या कणाहूनही पातळ. चुंबकात ठेवून खालच्या थराला सूक्ष्मलहरींनी, म्हणजे मायक्रोवेव्हनी, हलवलं की तो वरच्या प्लॅटिनममध्ये फिरकी ढकलतो. आणि प्लॅटिनममध्ये गंमत होते.

ती गंमत मी एकदा काकांना समजावून सांगत होते. त्यांनी विचारलं होतं, कारण रोज चार तास ज्या पंपाजवळ बसायचं तो कशासाठी चालतो हे माणसाला कळायला नको का. मी खडूनं बाण काढले. एका फिरकीचे पुढे जातात, ते डावीकडे वळतात. उलट्या फिरकीचे मागे येतात, ते उजवीकडे वळतात. काका फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हंजी आमच्या चौकावाणी. जाणाऱ्यानं डावीकडं वळायचं, येणाऱ्यानं उजवीकडं. दोगं बी शिरत्यात एकाच गल्लीत!”

मला त्याहून चांगलं कधीच सांगता आलेलं नाही. चौकात जाणारे-येणारे सारखेच, पण सगळे एकाच गल्लीत शिरले की त्या गल्लीत गर्दी होते. प्लॅटिनमच्या एका कडेला विद्युतभाराची गर्दी झाली की दोन टोकांमध्ये विजेचा अगदी इवलासा, मायक्रोव्होल्टच्या घरातला दाब येतो. तो मोजायचा.

“आन् लोहचुंबक उलटं केल्यावर?” काकांनी विचारलं.

“मग सगळे समोरच्या गल्लीत. प्लसचं मायनस होतं.”

इथेच सगळी मेख होती. कारण तेवढाच दाब साध्या उष्णतेनंही येतो. सूक्ष्मलहरींनी पट्टी एका टोकाला जरा जास्त तापली की झालं. फरक इतकाच की उष्णतेला चुंबकाशी देणंघेणं नसतं. चुंबक उलटं केल्यावर माप उलटं झालं तर ती फिरकी. उलटं झालं नाही तर आपण इतकी वर्षं एक अतिशय महागडी शेगडी बनवली. सर हे असंच म्हणायचे.

ते ‘उलटं’ आमच्याकडे सोपं नव्हतं. मोठ्या संस्थांत बटण दाबलं की चुंबक उलटतं. आमच्या चुंबकाचा वीजपुरवठा जुना होता. उलटं करायचं म्हणजे मनगटाएवढ्या जाड दोन केबली पान्यानं खोलायच्या आणि अदलाबदल करून पुन्हा आवळायच्या. काकांचं अर्ध्या तासाचं काम. पण केबल हलली की मापातला गोंगाट, म्हणजे आकड्यांची थरथर, वाढायचा आणि तो बसायला दिवस जायचे. म्हणून आम्ही ठरवलं होतं, आधी सुलट्या बाजूचं माप पक्कं करायचं, मग एकदाच उलटं करायचं.

सुलटं पक्कं व्हायला तीन वर्षं लागली. पट्ट्या आमच्याकडे बनत नव्हत्या. दुसऱ्या एका संस्थेच्या यंत्रावर नंबर लावायचा, तो चार-चार महिन्यांनी यायचा, आणि आणलेल्या पट्ट्यांपैकी बऱ्याच नुसत्या चकचकीत काचा निघायच्या. गुरुवारी वीज जायची. ज्या दिवशी वीज असायची त्या दिवशी पाण्याला जोर नसायचा. तेव्हा पुण्याला आयटीचं वारं लागलं होतं. माझ्याबरोबर लागलेली दोन मुलं एकामागून एक हिंजवडीला गेली. खोलीतल्या मुलींच्या गळ्यात कंपन्यांचे पट्टे आले, मग त्या खोलीतून फ्लॅटमध्ये गेल्या, आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुली मला ‘ताई’ म्हणायला लागल्या. मी सरांची शेवटची विद्यार्थिनी होते. तेही जाणून होते आणि मीही. हा प्रयोग लागला तर त्यांनी माझ्या येण्याआधीपासून सहा वर्षं खपून उभं केलेलं सगळं सार्थकी लागणार होतं. नाही लागला तर निरोप समारंभात शाल घ्यायची आणि घरी जायचं.

शेवटी एका पावसाळ्यात एक पट्टी बोलली. दोन मायक्रोव्होल्ट, प्लस. दुसऱ्या दिवशी तेवढंच. पंधरा दिवस तेवढंच. मी सरांपुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, खाली आणला आणि म्हणाले, “हं.” सहा वर्षांनंतर ‘हं’. मग जरा वेळानं, “आता उलटं करा. उलटं झाल्याशिवाय पेढे आणू नका, मला साखर चालत नाही.” पण खिडकीकडे तोंड करून ते हसत होते, ते मी पाहिलं.

मी मात्र तेव्हा आनंदानं वेडीबिडी झाले नाही. थकले होते. नुसता दमवणारा थकवा रात्रीच्या झोपेनं जातो, हा तसला नव्हता. सकाळी बस आली तरी मी ती सोडून पुढचीची वाट बघायचे. त्याच महिन्यात मी कुणाला न सांगता एका कंपनीची मुलाखत देऊन आले, आणि त्यांनी मला घेतलं. ते पत्र माझ्या झोळीत प्रयोगाच्या वहीतच ठेवलेलं असायचं.

आता त्या डबीबद्दल. पट्टी त्याच वर्षी बनवलेल्या एका ॲल्युमिनियमच्या चपट्या डबीत बसवलेली होती. डबीला खाच होती, त्यामुळे ती चुंबकात एकाच बाजूनं बसायची. तिच्या तोंडावर पितळेची दोन टर्मिनल होती, म्हणजे तार जोडायचे स्क्रू. दोन्ही हुबेहूब सारखी. प्लस कुठलं ते कळावं म्हणून मी सुरुवातीलाच एकाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. चुलत बहिणीच्या लग्नात घेतलेली गडद लाल रंगाची बाटली होती, दुसरा काही उपयोग नव्हता. लाल तार लाल ठिपक्याला. एकदा जोडल्यावर महिनोन्महिने ती काढलीच नव्हती. ठिपका डावीकडे होता की उजवीकडे, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रंग बघायचा, एवढीच सवय.

दसरा आला. आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. सर देवाधर्मातले नव्हते, पण त्या दिवशी ते मुद्दाम उशिरा यायचे आणि काकांना मोकळीक द्यायचे. काका आदल्या दिवसापासून लागायचे. एकूण एक यंत्र पुसून काढायचं, तारा सोडवून टोकं घासायची, पंपाला तेलपाणी, मग झेंडूची माळ आणि हळद-कुंकू. मला घरी जायची गाडी होती. निघताना मी म्हटलं, “काका, सगळं खोलणारच आहात तर चुंबकाच्या केबली उलट्या जोडून ठेवा. आल्यावर थेट उलटं माप घेते.”

“झालं म्हणून समजा,” ते म्हणाले. “या तुम्ही सोनं घेऊन.”

घरी चार दिवस झोपले. वडील स्टेशनवर सोडायला आले तेव्हा म्हणाले, “बाई, तुझं ते संपते तरी कधी?” मी म्हटलं, या आठवड्यात कळतं.

परत आले तेव्हा खोली लखलखत होती. प्रत्येक मीटरच्या कपाळावर हळद-कुंकू, चुंबकावर सुकलेले झेंडू. केबली उलट्या जोडलेल्या होत्या, मी त्या बोटानं माग काढत पाहिल्या. डबी पुसून टेबलावर ठेवलेली होती, एका टर्मिनलशेजारी लाल ठिपका. मी लाल तार लाल ठिपक्याला लावली, काळी दुसऱ्याला, डबी खाचेत सरकवली आणि काकांना पंप सुरू करायला सांगितलं.

दोन मायक्रोव्होल्ट. प्लस.

तीन दिवस मापं घेतली. प्लस, प्लस, प्लस. तिसऱ्या दिवशी मी वही सरांपुढे ठेवली. त्यांनी दोन्ही आलेख एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. एकाच आलेखाच्या दोन प्रती म्हणाव्यात इतके सारखे होते. “उष्णता,” ते म्हणाले. मग वही मिटून माझ्याकडे देत, “निसर्गानं आपली फिरकी घेतली म्हणायची.” तेवढंच. त्या दिवशी ते जेवणाच्या सुट्टीतच घरी गेले. त्यांच्या हातातली छत्री टेबलाला अडकून पडली आणि ती उचलायला ते वाकले, तेव्हा ते म्हातारे झालेत हे मला पहिल्यांदा दिसलं.

काका पान्याचा डबा घेऊन आले. त्यांना सगळं कळलं होतं. “म्याडम, परत सुलटं करू का? अर्ध्या तासाचं तर काम हाय. एकदा परत बघा की.”

कंपनीत रुजू व्हायला मला चार दिवस होते. चुंबक चालू होतं. पाण्याला जोर होता. गुरुवारही नव्हता. चूक कुठे आहे हे शोधायची एकच रीत असते, मागे जाऊन पहिलं माप पुन्हा येतं का ते बघायचं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही हेच शिकवतो.

मी म्हटलं, “राहू द्या काका.”

खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं. उष्णता तर उष्णता. संपलं एकदाचं. उलटं माप आलं असतं तर आणखी दोन वर्षं बस, पंप, गुरुवार, प्रबंध. मला उत्तर नको होतं, सुट्टी हवी होती. सरांची सहा वर्षं माझ्या हातात होती आणि मी अर्धा तास दिला नाही.

सरांनी माझ्या पीएचडी सोडण्याच्या कागदांवर सही केली. “आपण हुशार आहात,” ते म्हणाले. त्यात उपहास शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नव्हता.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सगळ्यांची गेली तशी माझी गेली: बस, ओळखपत्र, चाचण्या, कर्जाचा फ्लॅट, तोही पुन्हा बिबवेवाडीतच. सर पुढच्याच वर्षी निवृत्त झाले, प्रयोगशाळा मोडली आणि तिथे संगणकांचा वर्ग झाला. सर मला एकदाच भेटले, पोस्टात. रजिस्टर पत्राच्या रांगेत माझ्यापुढे उभे होते. कसं काय झालं, बरं आहे झालं, आणि मग त्यांनी अचानक, कालच बोलणं तुटलं होतं अशा सुरात म्हटलं, “ती उष्णता येत कुठून होती, ते मात्र लागत नाही. मी गणित चार वेळा करून पाहिलं. एवढं तापायला नको. माझंच कुठेतरी चुकतंय.” त्यांच्या हातात लिफाफा होता आणि त्याच्या पाठीवरसुद्धा बारीक आकडेमोड होती. मी म्हटलं, “सर, जाऊ द्या आता.” ते म्हणाले, “जाऊ देऊन कुठे जाणार? रांग पुढे सरकली, आपण व्हा पुढे.”

दोन वर्षांपूर्वी सर गेले. मला ते उशिरा कळलं.

आणि यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी काकांचा फोन आला. घर बदलतोय, तुमची एक वस्तू आहे माझ्याकडे, घेऊन जा. वारज्याला त्यांच्या वावराच्या जागी बिल्डरनं इमारती उठवल्या होत्या, त्यातल्याच एकीत ते राहत होते आणि आता तिथून थोरल्या लेकीकडे वाघोलीला निघाले होते. खोक्यांच्या मधून वाट काढत मी आत गेले. काका वाळले होते, पण हात तेच. अजून काही भरायचं राहिलं होतं ते फक्त देव्हाऱ्याशेजारचं फळकुट. त्यावर पाने, स्क्रू-ड्रायव्हर, एक जुना मीटर, आणि आमची डबी. सगळ्यांवर सुकलेली झेंडूची फुलं.

“मोडीत टाकीत हुते,” काका म्हणाले. “म्या उचलून आणली. दर खंडेनवमीला हिची पूजा करतो. तुमची आन् सायबांची आठवन.”

मी डबी हातात घेतली. लाल ठिपका उजव्या टर्मिनलशेजारी होता. माझं नेलपॉलिश इतकी वर्षं टिकलं याचं मला कौतुक वाटलं आणि मी त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला.

“काका, हे कुंकू आहे?”

“मग? परवाच लावलंय की, तेलात कालवून. म्हंजी गळत न्हाय.”

“आणि हळद?”

“एवढ्याशा डबीला दोन बोटं कुठं मावत्यात? हिला नुसतं कुंकू. पहिल्यापास्नं.”

“उजवीकडेच?”

“उजवीकडंच. देवाचं काम उजव्या अंगानं.” मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते हसले. “पहिल्या टायमाला लई घान झाली हुती हिच्यावर. कायतरी लाल रंग सांडलेला. थिनर लावून काढला, तवा कुटं कुंकवाला जागा झाली.”

मी खिडकीशी गेले. उजेडात डावं टर्मिनल धरलं. स्क्रूच्या खाचेत, जिथे काकांचं थिनरचं फडकं पोचलं नसेल, तिथे गडद लाल रंगाची एक कपची अडकलेली होती. नखानं काढली. नखाखाली तो लग्नातला रंग मी ओळखला.

मी डबी हातात घेऊनच खोक्यावर बसले. काका पाणी आणायला वळले. डोक्यात सगळं आपोआप लागत गेलं, त्याला वही लागली नाही, गणित लागलं नाही. दसऱ्याआधी लाल तार डावीकडे होती. दसऱ्यानंतर मी ती कुंकवाला लावली, उजवीकडे. चुंबकही उलटं आणि ताराही उलट्या. म्हणून प्लसचं प्लसच दिसलं. खरं माप मायनस होतं. ती फिरकीच होती. तीन दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर मीटरवर येऊन उभी राहिली होती, आणि आम्ही तिला उष्णता म्हटलं. चार दिवसांतला अर्धा तास दिला असता, केबली परत सुलट्या केल्या असत्या, तर मीटर मायनस दाखवून ओरडलं असतं.

सरांचं गणित बरोबर होतं. चारही वेळा. ते स्वतःची चूक शोधत गेले, आणि चूक माझ्या हातातल्या तारेत होती. मला रडू आलं ते लपवता आलं नाही.

काका पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसले. त्यांना वाटलं मला सरांची आठवण आली, आणि ते खोटं नव्हतं. कधीपासून विचारायचं राहिलं असावं अशा आवाजात, त्यांनी विचारलं, “म्याडम, त्या टायमाला गल्ली बदलली न्हाय म्हनं. शेवटपर्यंत न्हायच बदलली का वो? सायेब जाईस्तवर मनाला खात हुते. मला वाटायचं, माझ्याच केबली नीट लागल्या नसतील.”

म्हणजे तेही. इतकी वर्षं दोन म्हातारे आपापल्या घरी बसून आपापली चूक शोधत होते.

त्या कुंकवाचं त्यांना सांगायचं नाही, हे मी ठरवलंही नाही. ते आपोआपच ठरलं. कुंकू त्यांचं होतं, पण न बघता तार लावणारा हात माझा होता, आणि ‘राहू द्या’ म्हणणारं तोंडही माझंच.

“बदलली होती काका,” मी म्हटलं. “तुमच्या केबली बरोबर होत्या. मीच माझ्या तारा उलट्या लावल्या होत्या. आज कळलं.”

मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. “मला वाटलंच हुतं! बदलनारच. समदी एका गल्लीत शिरत्यात म्हटल्यावर बदलाया पायजेच.” तेवढ्याच उत्साहात ते उठले, फोनसाठी इकडेतिकडे चाचपडले, आणि मग उभ्या जागी थांबले.

“सायबांना कळवाया—” ते म्हणाले, आणि खाली बसले.